कोणती संख्या मोठी, आणि कितीनें?



गणिताचें नांव काढिलें कीं आपल्यांतील पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. "आम्ही शेतांत राबणारीं माणसें, आम्हांला आंकड्यांशीं काय कर्तव्य?" असें ते म्हणतात. पण हेच गृहस्थ आठवड्याच्या बाजारीं गेले म्हणजे दोन दुकानांचे भाव मनांत शेजारीं शेजारीं मांडितात, कोणता भाव अधिक हें ठरवितात, आणि कितीनें अधिक तेंही सांगतात. मनुष्याला जन्मभर जें गणित करावें लागतें त्यांतील निम्म्याहून अधिक ह्या दोन प्रश्नांतच सामावलेलें असतें: कोणती संख्या मोठी, आणि कितीनें मोठी? पहिल्या प्रश्नाला तुलना म्हणतात, व दुसऱ्याचें उत्तर वजाबाकीनें मिळतें. ह्या पाठांत त्या दोहोंचा विचार करावयाचा आहे. ज्यांच्याकडे रात्रीच्या वर्गाचें काम आहे त्यांनीं हा पाठ आधीं स्वतः पाटीवर करून पाहावा, मग दुसऱ्यांस सांगावा. वजाबाकी सर्वांना येतेच असें आपण धरून चालतों. मला तरी आजवरच्या अनुभवानें तसें वाटेनासें झालें आहे. कृति येते, कशांतून काय वजा करावें हें येत नाहीं, आणि तोटा होतो तो तेथें.

प्रथम तुलना घेऊं. दोन पूर्ण संख्या समोर असतां त्यांतील घरें मोजावीं. जिच्यांत घरें अधिक ती मोठी. ९९८ आणि १,००२ ह्या दोहोंपैकीं पहिलींत नऊ नऊ असे भारी अंक आहेत व दुसरींत दोन शून्यें आहेत, म्हणून नवशिका पहिलीलाच मोठी म्हणतो. पण पहिली शतापाशीं थांबली, दुसरी सहस्रांत पोंचली. तेथें अंकांचा डौल कामास येत नाहीं. घरें सारखीं असतील तर डाव्या हाताकडून एकेक घर पाहत यावें. ४,७१,०९९ आणि ४,७२,००१ ह्या संख्या घ्या. चार लाख दोहोंकडे आहेत. सात दशसहस्र दोहोंकडे आहेत. सहस्राच्या घरांत एकीकडे १ व दुसरीकडे २ आहे. येथें निकाल लागला, दुसरी संख्या मोठी. मागून येणाऱ्या ०९९ कडे किंवा ००१ कडे पाहण्याचें आतां कारण उरलें नाहीं. पुस्तकांतून दोन संख्यांच्या मध्यें > किंवा < असें चिन्ह घालतात. त्याचें उघडें तोंड मोठ्या संख्येकडे असतें. टॉमस हॅरियट नांवाच्या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांत हीं चिन्हें पहिल्यानें छापिलीं गेलीं. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६३१ सालीं निघाला.

आपल्या मराठी बोलींत मात्र एक अडचण आहे, ती शिकविणारानें आधींच ओळखून ठेवावी. आपण "बेचाळीस" म्हणतों तेव्हां तोंडांतून दोन आधीं निघतात आणि चाळीस मागून. लिहितांना चार आधीं लिहावे लागतात आणि दोन मागून. प्रौढपणीं अक्षरओळख झालेला मनुष्य कानानें ऐकतो तसा हात चालवितो, आणि ४२ च्या जागीं २४ लिहून बसतो. ही त्याची बुद्धि मंद असल्याची खूण नव्हे; बोली आणि लेखन ह्यांच्या वाटा येथें उलट आहेत एवढेंच. म्हणून संख्या बोलून लिहविण्यापूर्वीं "दशक किती, सुटे किती?" असें दोनदां विचारण्याची संवय लावावी. मूळ संख्याच उलटी उतरली तर पुढची तुलना कितीही नीट केली तरी उलटीच पडणार.

ह्याच बोलींत एक सोयही आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ह्या नांवांत वजाबाकी गुंडाळून ठेविलेली आहे. 'ऊन' म्हणजे उणा. एकानें उणे वीस ते एकोणीस. पाऊण म्हणजे पावानें उणें एक, आणि पावणेदोन म्हणजे पावानें उणे दोन. ज्या बाईनें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं तीसुद्धां "पावणेतीन किलो" म्हणते तेव्हां तिनें तिनांतून पाव वजा केलेलाच असतो. तिला वजाबाकी नवीन शिकवावयाची नाहीं. तिला येते ती तिच्या नजरेस आणून द्यावयाची आहे.

आतां दशांशाकडे वळूं, कारण हल्लीं वजनाचे कांटे आंकडा दशांशांतच दाखवितात. समजा, एका मातेनें आपलें वर्षाचें मूल अंगणवाडींत वजन करावयास नेलें. गेल्या महिन्यांत वजन ८.४ किलो लिहिलें होतें, ह्या महिन्यांत ८.३५ लिहिलें. ती दोन्ही आंकडे पाहते. आठ दोहोंकडे आहेत. पुढें एकदां चार आणि एकदां पस्तीस. चारांहून पस्तीस मोठे, तेव्हां मूल वाढलें, असें समजून ती समाधानानें घरीं जाते. खरें पाहतां मूल उतरलें आहे. टिंबानंतरचा पहिला अंक दहाव्या भागाचा, दुसरा शंभराव्या भागाचा. ८.४ म्हणजे ८ किलो ४०० ग्रॅम, ८.३५ म्हणजे ८ किलो ३५० ग्रॅम. पन्नास ग्रॅमांची घट झाली. टिंबापुढें अंक किती आहेत हें मोजून येथें चालत नाहीं. पूर्ण संख्यांत जो नियम आपणांस तारतो तोच येथें बुडवितो. उपाय सोपा आहे. दोन्ही संख्यांच्या टिंबापुढें अंकांची संख्या सारखी करावी, उणे असतील तेथें शून्य मांडावें: ८.४० आणि ८.३५. आतां चाळीस आणि पस्तीस समोरासमोर आले. पन्नास ग्रॅमांची घट अंगावरच्या कपड्यांनींही दिसूं शकते हें खरें; म्हणून पुन्हां वजन करून पाहावें. पण ह्या वयाचें मूल महिन्यामागून महिना वाढत राहिलें पाहिजे, आणि पुढच्या महिन्यांतही आंकडा उतरला तर वाट न पाहतां दवाखाना गांठावा. आंकडा उलटा वाचणाऱ्या मातेला ही वेळ कळत नाहीं.

तुलनेची आणखी एक अट आहे, ती थोडक्यांत सांगतों. दोन्ही बाजूंस मापें एकाच जातीचीं असावीं. किलो आणि क्विंटल, महिना आणि वर्ष, हीं तशींच शेजारीं ठेवूं नयेत. दोहोंना एका मापांत आणावें, मग बोलावें. "शेंकडा दोन" व्याज मागणारा दरमहा दोन म्हणतो कीं दरसाल दोन, हें विचारल्यावांचून कोणी अंगठा उमटवूं नये. दरमहा दोन म्हणजे वर्षाला चोवीस झाले.

आतां अंतर काढण्याची रीत. दोन संख्यांतील अंतर म्हणजे मोठींतून लहान वजा केल्यावर जी बाकी राहते ती. ज्यांतून वजा करावयाचें तें वियोज्य, जें वजा करावयाचें तें वियोजक. हीं नांवें पाठ नसलीं तरी बिघडत नाहीं, पण वर कोण आणि खालीं कोण हें पक्कें असावें. अडचण येते ती वरचा अंक लहान असला म्हणजे. विद्यार्थी अशा वेळीं खालच्यांतून वरचा वजा करून मोकळा होतो. ५२ − ३८ मध्यें "आठांतून दोन गेले सहा" असें म्हणून तो २६ लिहितो; खरें उत्तर १४ आहे. त्याला रागें भरूं नये. वर दोन सुटे आहेत आणि द्यावयाचे आठ आहेत, तर एक दशक मोडावें लागेल, हें काड्यांच्या जुड्या घेऊन दाखवावें. दहा काड्यांची जुडी सोडली कीं बारा सुट्या काड्या होतात, आठ दिल्या, चार उरल्या. जुड्या पांचांच्या चार झाल्या, त्यांतून तीन गेल्या, एक उरली. हातचा घेणें म्हणतात तें हेंच.

शून्यें आलीं म्हणजे जाणतेही चुकतात. ५,००० − २,३६८ घ्या. एकंच्या घरांत शून्य, शेजारीं शून्य, त्याच्या शेजारींही शून्य. उसनें मागावें तर कोणाजवळ? सहस्राच्या घरापर्यंत जावें लागतें. तेथला एक मोडला म्हणजे दहा शतें झालीं. त्यांतील एक मोडलें, नऊ उरलीं. दशकांतही तसेंच नऊ उरलें. एकंच्या घरांत दहा आले. मग १० − ८ = २, ९ − ६ = ३, ९ − ३ = ६, आणि ४ − २ = २. उत्तर २,६३२.

ह्या ठिकाणीं मला दुकानदाराची रीत अधिक आवडते, आणि पाटी नसतांना तीच कामास येते. तो मोठींतून उतरत नाहीं, लहानींतून चढतो. २,३६८ ला दोन दिले, २,३७० झाले. तीस दिले, २,४०० झाले. सहाशें दिले, तीन हजार झाले. दोन हजार दिले, पांच हजार झाले. दिले किती? दोन, तीस, सहाशें आणि दोन हजार, म्हणजे २,६३२. ह्यांत मोडामोड मुळींच नाहीं. सुटे पैसे परत देतांना प्रत्येक वाणी हेंच करितो, आणि त्याच्या समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानेंही मनांतल्या मनांत हेंच करावें. कोणत्याही रीतीनें उत्तर आलें तरी ताळा पाहिल्याशिवाय तें लिहूं नये: बाकींत वियोजक मिळविला कीं वियोज्य परत आलें पाहिजे. २,६३२ आणि २,३६८ मिळून ५,००० होतात, उत्तर बरोबर.

येथवर कृतीचें झालें. आतां ज्या प्रश्नानें आमच्या घरांत एकदां दुःख झालें तो सांगतों. मी लहान असतांना माझे वडील एका मळ्यांत रोजंदारीनें कामास गेले. पांच तारखेच्या सकाळीं लागले, बारा तारखेच्या संध्याकाळीं काम संपलें. मध्यें एकही खाडा नाहीं. रोज दहा रुपये ठरला होता. मुकादमानें वही काढली, "बारांतून पांच गेले, राहिले सात," असें म्हणाला आणि सत्तर रुपये हातावर ठेविले. रात्रीं आईनें जोंधळ्याचे दाणे मांडून एकेक दिवसाचें नांव घेतलें. दाणे आठ झाले. दुसऱ्या दिवशीं वडील गेले, तेव्हां मुकादम चारचौघांत म्हणाला, "बारांतून पांच वजा करून दाखव. सात येतात कीं आठ?" सातच येतात. वडिलांना उत्तर सुचलें नाहीं. ते परत आले ते खोटे ठरून आले, आणि दहा रुपयांपेक्षां तें त्यांना अधिक लागलें.

वजाबाकी चुकली नव्हती. मुकादमानें चुकीचा प्रश्न वजाबाकीला घातला होता. बारांतून पांच वजा केले म्हणजे पांच तारखेपासून बारा तारखेपर्यंत किती पावलें पडतात तें कळतें. पांचवी तारीख स्वतः त्यांत मोजली जात नाहीं. कुंपणाचे खांब आणि त्यांमधील गाळे डोळ्यांपुढें आणा. आठ खांब पुरले कीं गाळे सात होतात. वजाबाकी गाळे मोजते. मजुरी खांबांची द्यावयाची असते. म्हणून दोन्ही टोंकांचे दिवस धरावयाचे असतील तेव्हां वजाबाकींत एक मिळवावा: १२ − ५ + १ = ८. पण हा एक सर्वत्र मिळवूं नये, नाहीं तर उलट फसगत होईल. पांच तारखेस उसने घेतलेले पैसे बारा तारखेस त्याच वेळेला परत केले तर सातच दिवस झाले. विजेच्या मीटरावर मागचा आंकडा ३,४१२ आणि चालू आंकडा ३,४८९ असेल तर खर्च ७७ युनिटांचा. तेथें एक मिळविण्याचें कारण नाहीं. आपण खांब मोजतों आहों कीं गाळे, हें आधीं ठरवावें.

वजनकांट्यावरही अशीच एक गोम आहे. ऊंस भरलेली ट्रॉली कांट्यावर चढते, मग रिकामी होऊन पुन्हां चढते. दोन वजनांतलें अंतर तें उंसाचें वजन. भरलेली १४,३८० किलो व रिकामी ४,७६५ किलो असेल तर ऊंस ९,६१५ किलो. शेतकरी पहिला आंकडा डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि दुसऱ्याच्या वेळीं चहाला जातो. पण जें वजा करावयाचें तें जितकें फुगेल तितकीच बाकी आटते. रिकाम्या ट्रॉलीचें वजन ४,७६५ च्या जागीं ४,९६५ लिहिलें गेलें तर ऊंस ९,४१५ किलो भरतो. दोनशें किलो ऊंस कांट्यावरच नाहींसा झाला, आणि भरलेल्या गाडीच्या आंकड्यांत कोणाला खोट सांपडणार नाहीं. दोन्ही वजनें आपल्या डोळ्यांनीं पाहावीं. बाजारांत तराजूचा पासंग पाहणारा मनुष्य येथें कां गाफील राहतो हें मला कळत नाहीं.

अंतर सांगतांना आणखी एक गोष्ट जोडावी लागते: तें वाढीचें कीं घटीचें. नुसतें "अंतर पन्नास" म्हटल्यानें मातेला कांहीं कळत नाहीं. पुढच्यांतून मागचें वजा करितांना मागचेंच मोठें निघालें तर उत्तर ऋण येतें, आणि त्यापूर्वीं − असें चिन्ह मांडतात. ह्या ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांत ह्या ग्रंथांत दिले आहेत. धन आणि ऋण हे शब्दच असे आहेत कीं कर्ज फेडणाऱ्यास ते समजावून सांगावे लागत नाहींत.

आतांपर्यंतचीं उदाहरणें घरचीं व बाजारचीं होतीं. शेवटीं एक मोठी वजाबाकी घेऊं. तिची कृति आपल्याला येतेच; तिचा अर्थ लावण्यास मात्र वेळ लागेल. आपल्या देशांत दर दहा वर्षांनीं खानेसुमारी करण्याची पद्धत पडली. १९११ च्या मार्चांत एक झाली, व १९२१ च्या मार्चांत पुढची. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं झालें. परंतु खानेसुमारीच्या खात्यानें जुने आंकडे ह्या राज्याच्या हद्दीस जुळवून दिलेले आहेत. त्याप्रमाणें १९११ सालीं येथें २,१४,७४,५२३ माणसें होतीं व १९२१ सालीं २,०८,४९,६६६. दोहोंकडे दोन कोटि आहेत. दशलक्षाच्या घरांत १ आणि ०. म्हणून पहिली संख्या मोठी. दहा वर्षांत माणसें घटलीं. कितीनें?

२,१४,७४,५२३
− २,०८,४९,६६६

तिनांतून सहा जात नाहींत, हातचा घेतला, तेरांतून सहा गेले सात. दोनाचा एक उरला, त्यांतून सहा जात नाहींत, अकरांतून सहा गेले पांच. पांचाचे चार उरले, चौदांतून सहा गेले आठ. चाराचे तीन उरले, तेरांतून नऊ गेले चार. साताचे सहा उरले, त्यांतून चार गेले दोन. चारांतून आठ जात नाहींत, चौदांतून आठ गेले सहा. पुढें कांहीं उरलें नाहीं. उत्तर ६,२४,८५७. ताळा पाहावा.

सहा लाखांवर माणसें उणीं झालीं, हें वाचून मन चरकतें. आतां साऱ्या देशाचा आंकडा पाहा. आजच्या भारताच्या हद्दींत १९११ सालीं २५,२०,९३,३९० आणि १९२१ सालीं २५,१३,२१,२१३ माणसें होतीं, घट ७,७२,१७७. साऱ्या देशांत पावणेआठ लाख उणे, आणि त्यांतले सव्वासहा लाख एकट्या महाराष्ट्रांत! पांचांपैकीं चार भाग संकट आपल्यावरच कोसळलें काय? कित्येक जण असें म्हणतील, आणि येथेंच ते फसतील. कारण दुसऱ्या एका प्रांतांत, आजच्या उत्तर प्रदेशांत, ह्याच दहा वर्षांत चौदा लाखांहून अधिक घट झाली. एका भागाची घट साऱ्याच्या घटीहून मोठी कशी? ह्याचें उत्तर असें कीं, देशाची बाकी काढितांना घटलेले प्रांत आणि वाढलेले प्रांत एकाच तराजूंत पडले आहेत. आजच्या केरळाच्या हद्दींत १९११ सालीं ७१,४७,६७३ माणसें होतीं व १९२१ सालीं ७८,०२,१२७. तेथें ६,५४,४५४ ची वाढ आहे. केरळाची वाढ आणि महाराष्ट्राची घट एकत्र मांडली तर २९,५९७ ची वाढच दिसते. दोन ओळींच्या त्या हिशेबांत सव्वासहा लाख माणसांचा मागमूस राहत नाहीं.

म्हणून बाकी पाहतांना तिच्या पोटांत कोणकोणत्या जमा आणि कोणकोणते खर्च एकमेकांस खाऊन बसले आहेत, हें विचारावें. महाराष्ट्राच्या सव्वासहा लाखांच्या पोटांतही तसेंच आहे. त्या दहा वर्षांत माणसें केवळ मेलीं नाहींत, जन्मलींही. जन्म वजा मरण, आणि आलेले वजा गेलेले, अशी ती बाकी आहे. १९१८ सालीं पावसानें दगा दिला, धान्य महागलें, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें इन्फ्लुएंझाची साथ मुंबईंत उतरली. पहिला फेरा सौम्य होता. सप्टेंबरापासून दुसरा आला तो घरें ओस पाडीत गेला. खेडोपाडीं तिला मानमोडी म्हणत. साऱ्या हिंदुस्थानांत ह्या साथीनें किती माणसें गेलीं ह्याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत व त्याहूनही वर गेले आहेत. सव्वा कोटि मृत्यु आणि पावणेआठ लाखांची घट, हे दोन आंकडे शेजारीं ठेवा. दुसरा खोटा नाहीं. पण तो साथीचें माप नव्हे.

मग १९२१ चा आंकडा कशाशीं ताडून पाहावा? १९०१ सालीं महाराष्ट्राच्या हद्दींत १,९३,९१,६४३ माणसें होतीं. १९११ पर्यंत २०,८२,८८० वाढलीं. तितकीच वाढ पुढेंही झाली असती तर १९२१ सालीं २,३५,५७,४०३ माणसें मिळालीं असतीं. तीं मिळालीं नाहींत, मिळालीं २,०८,४९,६६६. अंतर २७,०७,७३७. झालेल्या गोष्टीची तुलना मागच्या गोष्टीशीं न करितां व्हावयाच्या गोष्टीशीं केली म्हणजे सव्वासहा लाखांचे सत्तावीस लाख होतात. हे सत्तावीस लाख मेले असें मात्र कोणीं म्हणूं नये. त्यांत न जन्मलेलीं मुलें आहेत, पोटामागें परप्रांतीं गेलेले आहेत. आणि १९०१ ची मोजणी मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठची असल्यामुळें पुढच्या दहा वर्षांची वाढ नेहमींपेक्षां अधिकही असेल. हें "असतें तर" चें गणित आहे, आणि तें करणाऱ्यानें आपण काय गृहीत धरिलें तें उघड सांगितलें पाहिजे.

हद्दीचें महत्त्व किती तेंही येथेंच पाहून घ्यावें. त्या काळच्या अखंड हिंदुस्थानाची, ब्रह्मदेशासुद्धां, लोकसंख्या १९११ सालीं ३१,५१,५६,३९६ आणि १९२१ सालीं ३१,८९,४२,४८० मांडली गेली. म्हणजे ३७,८६,०८४ ची वाढ. तींच दोन वर्षें, तीच साथ. एका हद्दींत घट आणि दुसरींत वाढ. कोणी आंकडा पुढें करून वाद घालूं लागला तर त्याच्या वजाबाकीवर हात ठेवण्याआधीं कोठला प्रदेश, कोठपासून कोठपर्यंत, आणि दोन्ही वेळां तोच होता काय, एवढें विचारावें. त्या मुकादमाला माझ्या वडिलांनीं विचारावयाचें होतें तेंही ह्याच जातीचें.

घरीं करण्यासाठीं चार उदाहरणें देतों.

पहिलें: भरलेली गाडी १३,०५० किलो, रिकामी ४,८७५ किलो; माल किती? (८,१७५ किलो.)

दुसरें: एक बाई सतरा तारखेपासून तीस तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून, कामास गेली, तिचे रोज किती? त्याच सतरा तारखेस घेतलेलें उसनें तिनें तीस तारखेस फेडलें. दिवस किती झाले? (रोज चौदा, दिवस तेरा.)

तिसरें: मुलाचें वजन मागें ६.१ किलो होतें, आतां ६.०९ आहे, वाढलें कीं उतरलें, आणि किती ग्रॅमांनीं? (उतरलें, दहा ग्रॅमांनीं.)

चौथें: १९३१ सालीं महाराष्ट्राच्या हद्दींत २,३९,५९,३०० माणसें होतीं. १९२१ पासूनची वाढ काढावी. मग १९११ पासूनची वाढ निराळी काढावी. ह्या दोन उत्तरांतील अंतर काढल्यावर जो आंकडा येईल तो ह्या पाठांत वर एकदां येऊन गेला आहे. तो कोणता तें शोधावें, आणि तोच पुन्हां कां आला हें वर्गांत विचारावें.